नोबिता मोठा का होत नाही?
(अ‍ॅनिमेशन मालिकांतील व्यक्तिरेखांच्या विकासाविषयी काही विचार)

अ‍ॅनिमेशन मालिकांसारखा विषय साहित्य मंडळाच्या पत्रिकेत कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही हीच शंका काढली असती. कार्टून म्हणजे मुलांना जेवू घालताना समोर लावून ठेवायची वस्तू, तिच्याविषयी समीक्षकाने बोलावे असे काही नाही, हीच आमची समजूत होती. ती समजूत आमच्या नातीच्या एका प्रश्नाने ढळली. 'स्टँड बाय मी डोरेमॉन' हा २०१४ सालचा चित्रपट तिने हिंदीत पाहिला होता. त्यानंतर काही दिवसांनी दूरचित्रवाणीवर नेहमीची डोरेमॉन मालिका चालू असताना ती आम्हाला म्हणाली, "आजोबा, नोबिता त्या रात्री जियानशी एकटा लढला होता ना? मग आज परत रडत का येतोय?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. ती सात वर्षांची मुलगी जे विचारीत होती, ते समीक्षेच्या भाषेत व्यक्तिरेखेच्या विकासासंबंधीचे होते. कथेत जे घडले ते पात्राच्या ठायी टिकते की नाही, हा तो प्रश्न. कादंबरीच्या बाबतीत आपण तो सतत विचारतो. अ‍ॅनिमेशन मालिकेच्या बाबतीत तो विचारण्याची आपल्याला गरज वाटत नाही. येथे पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली या भागांतील मराठी घरांकडे पाहिले तर मात्र ही बेफिकिरी परवडणारी नाही, हे लक्षात येते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कामधंद्यासाठी सुरतेत येऊन स्थिरावलेल्या या घरांत मुले घरी अहिराणी किंवा मराठी बोलतात, बाहेर गुजराती बोलतात आणि गोष्टी मात्र हिंदीतून पाहतात. त्यांच्या आयुष्यात पहिले आलेले कथापात्र हे श्याम किंवा गोट्या नसून नोबिता, भीम किंवा मोटू हे आहे. माणूस कसा असतो आणि तो बदलू शकतो की नाही, याची पहिली कल्पना ही मुले या पात्रांपासून घेतात. तेव्हा ही पात्रे कशी घडवलेली आहेत, हे पाहणे हे साहित्याच्या अभ्यासकाचेच काम ठरते.

प्रथम विकास म्हणजे काय नव्हे, हे सांगणे सोयीचे होईल. पात्राचे बळ वाढणे म्हणजे विकास नव्हे. पहिल्या भागात एका शत्रूला हरवणारा नायक पन्नासाव्या भागात दहा शत्रूंना हरवू लागला, तर त्याची ताकद वाढली, तो वाढला नाही. वाईटाचा चांगला होणे म्हणजेही आपोआप विकास नव्हे. शेवटच्या दोन मिनिटांत क्षमा मागणारा खलनायक आपण शेकडो पाहिले आहेत, त्यांपैकी किती आठवतात? वय वाढणे हाही विकास नव्हे, पन्नाशीतही पाचवीतल्या मुलासारखे वागणारी माणसे आपल्या आसपास असतातच. आमच्या मते विकासाची कसोटी एकच आहे. पात्राच्या बाबतीत जे घडले ते त्याच्या अंगाला लागले पाहिजे, आणि पुढचा निर्णय घेताना ते त्याला आठवले पाहिजे. मागचे आठवते म्हणून वेगळा निर्णय घेणे, आणि त्या निर्णयाची काही किंमत मोजणे, याला आम्ही विकास म्हणतो. जेथे स्मरण नाही तेथे विकास नाही.

ही कसोटी आम्ही परदेशातून आणलेली नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' आठवावी. त्या पुस्तकाची रचनाच स्मरणाची आहे. मोठा झालेला श्याम रात्रीमागून रात्र आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. पोहायला भिऊन लपून बसलेल्या मुलाला आईने शिंपटीने मारले, ही गोष्ट लहान श्यामची आहे. ती मारताना आईला काय वाटले असेल, हे उमजलेला श्याम मोठा आहे. दोघांमधील अंतर म्हणजेच त्या व्यक्तिरेखेचा विकास होय. श्याम विसरला असता तर पुस्तकच झाले नसते.

आता अ‍ॅनिमेशन मालिकेकडे वळू. या माध्यमाची एक मूलभूत अडचण आहे आणि ती सहानुभूतीने समजून घेतली पाहिजे. जिवंत नटांच्या मालिकेत काही न करता काळ दिसतो. बालनटाचा आवाज फुटतो, नायकाच्या कपाळावर आठ्या येतात. लेखक विसरला तरी शरीर विसरत नाही. चित्रातल्या मुलाचे तसे नाही. त्याचा नमुना एकदा ठरवला जातो. समोरून, बाजूने, पाठीमागून तो कसा दिसेल, डोके किती, उंची किती, सदरा कोणता, याचे तक्ते तयार होतात आणि मालिकेवर काम करणारे सर्व चित्रकार त्या तक्त्याबरहुकूम रेघ ओढतात. तक्त्याबाहेरची रेघ ही चूक समजली जाते. म्हणजे चित्रातला मुलगा आपोआप कधीच वाढत नाही. त्याचा एक केसही वाढवायचा झाला तरी कोणीतरी तसा निर्णय घ्यावा लागतो, नवा तक्ता करावा लागतो, त्याचा खर्च सोसावा लागतो.

दुसरी अडचण व्यापाराची आहे. मुलांच्या वाहिन्यांवरील पुष्कळशा मालिका सुमारे अकरा मिनिटांच्या सुट्या गोष्टींच्या बनलेल्या असतात. दोन गोष्टी आणि जाहिराती मिळून अर्धा तास भरतो. या गोष्टी वाहिनीला हव्या त्या क्रमाने आणि हव्या तितक्या वेळा दाखवता आल्या पाहिजेत. आज सकाळी तिसरी, दुपारी दोनशेवी, संध्याकाळी पुन्हा तिसरी. मधूनच येऊन बसलेल्या मुलालाही ती कळली पाहिजे. यासाठी प्रत्येक गोष्ट जेथून निघाली तेथेच परत यावी लागते. पाटी रोज पुसून कोरी करावी लागते. तिसऱ्या गोष्टीत शहाणा झालेला मुलगा दोनशेव्या गोष्टीत शहाणाच राहिला, तर गोष्टींची अदलाबदल करता येणार नाही. म्हणून त्याला शहाणपण विसरायला लावतात. नोबिताच्या रडण्याचे एक कारण हे आहे.

तरीही न बदलणारे प्रत्येक पात्र हीन असते, असे आम्ही म्हणणार नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली व्यक्तिरेखांचे सपाट आणि गोलाकार असे दोन प्रकार सांगितले. आपल्याकडे ते इतके रूढ झाले की सपाट हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. स्वतः फॉर्स्टर यांना सपाट पात्रांचे, विशेषतः विनोदी पात्रांचे, महत्त्व मान्य होते. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ कोठे बदलतात? दशावतारातला संकासुर दर खेपेस तसाच येतो आणि तसाच यावा म्हणूनच प्रेक्षक वाट पाहतात. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून वर्षानुवर्षे शाळकरी मुलगाच राहिला, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला म्हातारे करावे, असेही कोणाला वाटले नाही. विनोदी पात्राचे न बदलणे हाच विनोदाचा पाया असतो. आपण त्याच्याकडे सवयीच्या माणसाकडे पाहावे तसे पाहतो.

या दृष्टीने पाहिले तर 'मोटू पतलू' या मालिकेवर सपाटपणाचा आरोप करण्यात अर्थ नाही. 'लोटपोट' या हिंदी नियतकालिकातील ही जोडी २०१२ साली निक वाहिनीवर आली. मुंबईच्या कॉसमॉस-माया या संस्थेने ती मालिका तयार केली आणि सुहास कडव यांनी तिचे दिग्दर्शन केले. मोटूने समोसा पाहून भान हरपावे, पतलूने युक्ती काढावी आणि ती उलटावी, हे तमाशातल्या बतावणीच्या जातीचे काम आहे. येथे कोणी सुधारण्याचे वचन दिलेले नाही, त्यामुळे वचनभंगही होत नाही.

'छोटा भीम'चे प्रकरण थोडे वेगळे आहे. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड संस्थेची, राजीव चिलका यांची ही मालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली आणि भारतीय अ‍ॅनिमेशनला तिने घरोघर नेले, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु ढोलकपूरचा भीम पहिल्या दिवसापासून शूर, प्रामाणिक आणि दयाळू आहे. त्याला जायला जागाच उरलेली नाही. संकट आले, लाडू खाल्ला, बळ आले, संकट गेले. ज्या भीमावरून त्याचे नाव ठेवले, तो महाभारतातला भीम मात्र असा नाही. द्यूतसभेत तो भावावर संतापतो, त्याला आवरावे लागते, त्या दिवशी केलेली प्रतिज्ञा तो तेरा वर्षे उराशी बाळगतो आणि ती पुरी करताना तो आपल्याला भीषण वाटतो. आमच्या मते ढोलकपुरातले खरे शक्यता असलेले पात्र भीम नव्हे, कालिया होय. तो हेवा करतो, बढाया मारतो, भितो. म्हणजे त्याला काही हवे आहे आणि ते मिळत नाही. गोष्ट अशा मुलाची होऊ शकते. मालिका त्याला दर वेळी हास्यास्पद करून सोडून देते. भीमाला वाढायला जागा नाही आणि कालियाला जागा असून वाढू दिले जात नाही, असा हा प्रकार आहे.

आता पुन्हा नोबिताकडे येऊ, कारण त्याचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे. फुजिको एफ. फुजिओ यांची ही चित्रकथा १९६९ च्या अखेरीस जपानी मुलांच्या मासिकांतून सुरू झाली. १९७९ पासून तिची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर चालू राहिली, २००५ साली ती नव्या स्वरूपात सुरू झाली आणि आपल्याकडेही हिंदीतून ती घराघरांत पोहोचली. तिची मूळ कल्पना नीट पाहावी. भविष्यकाळातला नोबिताचा वंशज डोरेमॉनला मागे पाठवतो, तो नोबिताला सुधारण्यासाठी. म्हणजे मालिकेचा आरंभच सुधारणेच्या संकल्पाने होतो. पण नोबिता खरोखर सुधारला तर डोरेमॉनचे काम संपेल आणि मालिकाही संपेल. ज्या कामासाठी पात्र आले ते काम होऊ द्यायचे नाही, अशी ही रचना आहे. मोटूच्या बाबतीत नसलेला वचनभंग येथे मात्र रोज होतो.

मूळ लेखकाला याची जाणीव असावी, असे मानायला आधार आहे. १९७४ साली त्यांनी डोरेमॉनच्या निरोपाची गोष्ट लिहिली. डोरेमॉनला भविष्यात परत जावे लागणार असते, आणि आपल्यामागे नोबिताचे कसे होईल या काळजीने त्याचा पाय निघत नाही. त्या रात्री नोबिताची जियानशी गाठ पडते. एरवी तो डोरेमॉनला हाक मारतो. त्या रात्री तो मारीत नाही. मार खाऊन पडतो, उठतो, पुन्हा मार खातो, पुन्हा उठून जियानला धरतो, इतका की शेवटी जियानच कंटाळून हार मानतो. आपण एकटे जिंकलो तर डोरेमॉन निश्चिंत मनाने जाईल, एवढाच त्याचा हेतू असतो. सकाळी डोरेमॉन नसतो. या प्रसंगात नोबिताचे बळ वाढलेले नाही, त्याला कोणतेही यंत्र मिळालेले नाही, तो हुशारही झालेला नाही. आतापर्यंत किती वेळा आपण हाक मारली, हे त्याला आठवले आणि म्हणून त्याने या वेळी हाक मारली नाही. वर सांगितलेल्या कसोटीला पुरेपूर उतरणारा असा हा प्रसंग आहे. २०१४ च्या चित्रपटाने हाच प्रसंग घेतला, आणि आमच्या नातीने पाहिला तो हाच.

पण पुढच्याच गोष्टीत डोरेमॉन परत आला. वाचकांना आनंद झाला, आम्हालाही झाला असता. मात्र त्याच्यासोबत नोबिताचे जुने रडणेही परत आले. दोन्ही एकत्र येण्याची गरज नव्हती. मित्र परत आला म्हणून त्या रात्रीचे धैर्य नाहीसे का व्हावे? लढलेला नोबिता आणि परत आलेला डोरेमॉन यांची गोष्ट सांगता आली नसती काय? ती अवघड झाली असती हे खरे, पण अशक्य नव्हती. याच मालिकेत आपल्याला प्रौढ नोबिताचेही दर्शन घडते. शिझुकाशी त्याचे लग्न ठरलेले असते आणि लग्नाच्या आदल्या रात्री तिचे वडील सांगतात की, दुसऱ्याच्या सुखाने सुखी आणि दुःखाने दुःखी होणारा मुलगा तू निवडलास. हा प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो. तरीही समीक्षक म्हणून म्हणावे लागते की, येथे मुक्काम दाखवला, वाट दाखवली नाही. रडणारा मुलगा एका टोकाला आणि सहृदय पुरुष दुसऱ्या टोकाला, मधली वर्षे कोरी. विकास हा त्या मधल्या वर्षांतच असतो.

जियानचे उदाहरण याहून बोलके आहे. मोठ्या चित्रपटांत तो मित्रांसाठी जीव धोक्यात घालणारा शूर मुलगा असतो. मालिकेत आठवड्याभराने तो पुन्हा नोबिताच्या वस्तू हिसकावून घेतो. दोन्ही जियान पटण्याजोगे आहेत, पण ते एकमेकांना ओळखत नाहीत.

सलग गोष्ट सांगण्याची वाट आपल्या प्रेक्षकांना अगदीच अपरिचित होती, असेही नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी 'जंगल बुक' लागे, ते वाचकांना आठवत असेल. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेने १९८९ साली सुरू केलेली ती ५२ भागांची मालिका होती. हिंदी रूपांतराचे शीर्षकगीत गुलजारांचे होते आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. त्या आवाजाने आमच्या घरातली तेव्हाची मुले पांघरुणात शिरत. किपलिंगच्या १८९४ सालच्या पुस्तकातले सिवनीचे ते जंगल नागपूरपासून फार लांब नाही, पण ते आपल्याकडे जपानमार्गे आले, ही गंमतच. त्या मालिकेत मोगली तान्हा येतो आणि हळूहळू मोठा होतो. नुसते वय वाढणे म्हणजे विकास नव्हे असे आम्ही वर म्हटले, पण मोगलीच्या बाबतीत वय वाढण्यातूनच पेच तयार होतो. लहान मोगलीला आपण लांडगा आहोत याविषयी शंका नसते. मोठ्या मोगलीला असते. जे एकदा कळले ते पुन्हा न कळल्यासारखे करता येत नाही. किपलिंगच्या मूळ कथेत कळपाने नाकारल्यावर मोगलीला पहिल्यांदा रडू येते आणि हे आपल्याला काय होते आहे, हेच त्याला समजत नाही. आपण माणूस आहोत हे त्याला तेथे आपल्या डोळ्यांतील पाण्यावरून कळते. अशा प्रसंगानंतर पाटी कोरी करता येत नाही.

या माध्यमात व्यक्तिरेखेचा विकास किती खोलवर नेता येतो, याचे आम्ही पाहिलेले सर्वांत पटणारे उदाहरण मात्र 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' या अमेरिकन मालिकेचे आहे. मायकेल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको यांची ही मालिका २००५ ते २००८ या काळात तीन पर्वांत आणि ६१ भागांत निकलोडियनवर दाखवली गेली. ती मुलांसाठीच होती, हे विसरू नये. नातवंडांच्या आग्रहावरून आम्ही ती पाहू लागलो आणि शेवटी नातवंडे झोपल्यावरही पाहत राहिलो, ते झुको या राजपुत्रामुळे.

झुको तेरा वर्षांचा असताना त्याच्या बापाने, अग्निराष्ट्राच्या अधिपतीने, त्याचा चेहरा भाजून त्याला हद्दपार केले. अवताराला पकडून आणलेस तरच परत ये, ही अट. डाव्या डोळ्याभोवतीचा तो भाजल्याचा डाग पुढे प्रत्येक चित्रात आहे. पहिल्या पर्वात तो पाठलाग करणारा शत्रू आहे, मागे बांधलेली शेंडी सोडली तर डोके तासलेले. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी तो स्वराष्ट्रालाही नकोसा होतो आणि ती शेंडी कापून नदीत सोडतो. मग त्याचे केस वाढू लागतात. आधी खुरटे, मग दाट, तिसऱ्या पर्वात कपाळावर येणारे. वर आम्ही म्हटले की चित्रातल्या मुलाचा एक केस वाढवायचा तरी कोणीतरी तसा निर्णय घ्यावा लागतो. येथे तो निर्णय घेतला गेला आहे. या मुलाच्या आयुष्यातला काळ पुसला जाणार नाही, हे वाढत्या केसांनी प्रेक्षकाला सांगितले आहे.

याहून महत्त्वाचे आहे ते दुसऱ्या पर्वाच्या शेवटी घडते. झुको निर्वासित म्हणून आपल्या आयरो काकांबरोबर चहाच्या दुकानात काम करतो. एका प्रसंगी तो हातचे सावज सोडून देतो, आणि या सत्कृत्याने त्याला समाधान लाभण्याऐवजी ताप भरतो. चांगले वागल्याने माणूस आजारी पडतो, हे मुलांच्या मालिकेत पाहून आम्ही थक्क झालो. ज्याने आयुष्यभर एका गोष्टीचा ध्यास घेतला त्याने ती सोडली, तर त्याचा जीव कासावीस होणारच. तापातून उठल्यावर तो हसू लागतो. आता हा सुधारला, असे प्रेक्षकाला वाटते. आणि नेमक्या निवडीच्या क्षणी तो काकांना सोडून बहिणीच्या, म्हणजे बापाच्या, बाजूला जातो. काका कैदेत पडतात.

सामान्य लेखकाने येथे त्याला चांगला करून टाकले असते. त्याला घसरू देण्यात या लेखकांचे माणसाविषयीचे ज्ञान दिसते. घसरण म्हणजे पाटी कोरी करणे नव्हे. नोबिता घसरतो तेव्हा त्याला आधीचे आठवत नाही. झुको घसरतो तेव्हा त्याला सगळे आठवते, आणि म्हणूनच तिसऱ्या पर्वात राजवाडा, बापाची शाबासकी, हरवलेला मान असे सारे परत मिळूनही त्याला सुख लागत नाही. शेवटी तो बापासमोर उभा राहून सर्व सांगतो आणि निघून जातो. ज्यांना त्याने छळले त्यांच्याकडे तो जातो, तेव्हा ते त्याला जवळ करीत नाहीत. तेही विसरलेले नसतात. त्याची अग्निविद्याही मंदावते, कारण ती रागावर पोसलेली होती आणि राग ओसरला होता. त्याला ती मुळापासून पुन्हा शिकावी लागते. एवढी किंमत मोजल्यावर तो काकांच्या तंबूत क्षमा मागायला जातो. बोलणे पुरे होण्याआधीच काका त्याला ओढून उराशी धरतात. हा आलिंगनाचा क्षण आपल्याला हलवतो, कारण त्याच्यामागे पन्नासाहून अधिक भागांची आठवण उभी असते.

या आयरो काकांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते बदलत नाहीत. आरंभी ते चहाप्रेमी, गमत्या म्हातारा वाटतात. दुसऱ्या पर्वातील एका छोट्या कथेत ते दिवसभर रस्त्यात भेटेल त्याला मदत करतात आणि संध्याकाळी टेकडीवर झाडाखाली युद्धात गेलेल्या मुलाची तसबीर मांडून त्याचा वाढदिवस करतात. त्यांना आवाज देणारे नट माको २००६ साली निवर्तले, आणि ती कथा त्यांच्याच स्मृतीला अर्पण केलेली आहे. त्या संध्याकाळनंतर काकांचा कोणताही विनोद आपल्याला पूर्वीसारखा ऐकू येत नाही. पात्र तेच राहिले, आपले पाहणे बदलले. याला आम्ही विकास न म्हणता उलगडणे म्हणू. झुको वाढतो, आयरो उलगडतात. दोन्ही खऱ्या व्यक्तिरेखा आहेत, आणि दोन्हींचा आधार स्मरण हाच आहे. एकात पात्राचे, दुसऱ्यात प्रेक्षकाचे.

झुकोच्या कथेने आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली, आणि ती सांगताना थोडे स्वतःविषयी बोलणे भाग आहे. व्यक्तिरेखेचा विकास केवळ त्या पात्राच्या मनात पुरा होत नाही. भोवतालच्या पात्रांनी तो पाहावा लागतो. आंग आणि त्याच्या मित्रांनी झुकोवर कधीच विश्वास ठेवला नसता, तर तो बदलूनही शत्रूच राहिला असता. राज्य शासनाच्या सेवेत असताना हाताखालील कर्मचाऱ्यांचे वार्षिक गोपनीय अहवाल लिहिण्याचे काम आमच्याकडे अनेक वर्षे होते. एका कारकुनाविषयी आमच्या पूर्वीच्या अधिकाऱ्याने 'कामात अनियमित, सुधारणेस वाव आहे' असे लिहून ठेवले होते. आम्ही मागील वर्षाचा अहवाल समोर ठेवला आणि तेच वाक्य उतरवले. पुढच्या वर्षी पुन्हा उतरवले. मधल्या काळात त्याची पत्नी वारली होती, मुलांना सांभाळून तो रोज वेळेवर येत होता आणि टेबलावर एक कागद तुंबू देत नव्हता. हे आम्हाला दिसत होते. अहवाल लिहिताना मात्र आठवत होते ते जुने वाक्य. तो कधी काही बोलला नाही. आम्ही निवृत्त झालो त्या दिवशी हार घेऊन आला होता.

मालिकेचे लेखक नोबिताला रोज जुना करतात, ते निदान व्यापाराच्या गरजेपोटी. आम्हाला तशी कोणती गरज होती? आपल्या घरांतही हे चालते. 'हा असाच आहे', 'ही पहिल्यापासून अशीच' अशी वाक्ये आपण मुलांविषयी, सुनांविषयी, भावंडांविषयी वर्षानुवर्षे उतरवत असतो. माणसाच्या वाढीला अडथळा दोन प्रकारे करता येतो. त्याला त्याचे मागचे विसरायला लावून, किंवा आपण त्याचे फक्त मागचेच लक्षात ठेवून. मुलांच्या मालिका पहिला दोष करतात, दुसरा बहुधा आपण मोठी माणसे करतो.

म्हणून आमची अपेक्षा मोठी नाही. सर्वच मालिकांनी 'अवतार'सारखे व्हावे, असे आम्ही म्हणत नाही. मोटूने समोसा खावा, चिंटूने शाळेतच राहावे. परंतु जी मालिका मुलाला सुधारण्याचे, घडण्याचे आश्वासन देते, तिने घडलेले पुसू नये. अकरा मिनिटांच्या सुट्या गोष्टींतही हे साधता येईल. रडत का होईना, पण एकदा एकट्याने लढलेला मुलगा पुढच्या वेळी हाक मारण्याआधी क्षणभर थांबला, एवढे दाखवले तरी पुरे. त्या क्षणभराच्या थांबण्यात त्याची सारी वाढ मावेल आणि वाहिनीच्या वेळापत्रकालाही धक्का लागणार नाही. ढोलकपुरातही कालियाला एखाद्या गोष्टीत मिळालेले कौतुक पुढच्या गोष्टीत त्याच्या चालण्यात दिसू द्यावे. भारतीय चित्रकारांकडे हे करण्याचे कसब नाही, असे त्यांचे काम पाहून वाटत नाही. मराठीतही बालपात्रांची वाण नाही. ताम्हनकरांचा अनाथ गोट्या परक्या घरात हळूहळू घरचा होत जातो, ती तर सलग मालिकेसाठीच लिहिल्यासारखी कथा आहे.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला पुढे दिले. नोबिताला त्या रात्रीची आठवण ठेवू देत नाहीत, म्हणून तो रडतो, असे सांगितले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पण मला आहे ना आठवण." त्यानंतर ती डोरेमॉन पाहते तेव्हा नोबिता रडू लागला की ती हसत नाही. तो लढू शकतो, हे तिला माहीत आहे.